विश्वास कसा ठेवावा: नवशिक्या बागायतदारासाठी प्राथमिक पुस्तिका

सुरुवातीलाच एक खुलासा. अष्टविनायकांतला विघ्नहर ज्या ओझरला आहे ते जुन्नर तालुक्यातले. हे ओझर निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे, मिग विमानांच्या कारखान्याचे. इथे आपापली विघ्ने ज्याची त्याने निवारायची असतात. म्हणून ही पुस्तिका.

ही पुस्तिका कुणासाठी

नोकरी सोडून किंवा वडिलांनी ‘आता तूच बघ’ म्हटल्यामुळे जो यंदा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने द्राक्षाचा सौदा करणार आहे, त्याच्यासाठी. छाटणी, विरळणी, डिपिंग, डाऊनी, भुरी हे सगळे शिकवणारे पुष्कळ आहेत. औषधाचा दुकानदार तर छाटणीपासून काढणीपर्यंतचे दिवसवार वेळापत्रक छापून फुकट देतो. त्या वेळापत्रकात शेवटचा एक दिवस छापायचा राहून जातो: विकलेल्या मालाचे पैसे खात्यात जमा होण्याचा. आमची पुस्तिका तिथून सुरू होते.

लागणारे साहित्य

१. बाग, एक. पिकलेली असावी. कच्च्या बागेवर हा प्रयोग साधत नाही, कारण कच्च्या बागेचा मालक शांतपणे विचार करू शकतो.

२. व्यापारी, एक. चंपाषष्ठीची खंडेरावाची यात्रा उलगडली, बारागाडे ओढून झाले, की पुढे महिन्या-दीड महिन्यात तो दिसू लागतो आणि एप्रिलपर्यंत मिळतो. मे महिन्यात मिळाला तर कळवावे, बरेच जण शोधत असतात.

३. ओळखीचा माणूस, एक. गावातलाच घ्यावा.

४. खिशातल्या डायरीचे पान, एक. कोरे.

५. ढगाळ हवा, चवीपुरती.

पाचव्या वस्तूला कमी लेखू नये. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला कांदाही पिकवता येतो आणि द्राक्षही. पण कांद्याला भाव नसला तर तो चाळीत टाकून दोन-चार महिने वाट बघता येते. द्राक्षाला चाळ नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो, आणि तयार झाला की वेलीवर फार दिवस थांबत नाही. त्यात पाऊस आला की मणी तडकतात, गारा पडल्या की विषयच संपला. एकरी लाखांनी खर्च झालेला असतो, सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे असते आणि पश्चिमेकडे आभाळ भरून येत असते. अशा वेळी बांधावर जो पहिला उभा राहील त्याच्यावर माणसाचा विश्वास बसतो. शहरातले लोक याला भोळेपणा म्हणतात. त्यांनी एकदा फेब्रुवारीतल्या ढगाखाली तीन एकर थॉमसन द्राक्ष घेऊन उभे राहून बघावे.

पायरी पहिली: माणूस पारखणे

व्यापारी आला की प्रथम त्याची गाडी पाहावी. पांढरी आणि मोठी असेल तर निम्मी पारख झाली. बोटातल्या अंगठ्या मोजाव्यात. फोन सारखा वाजत असेल तर माणूस मोठा समजावा. फोन कुणाचे येतात हे विचारू नये, कदाचित मागच्या हंगामातले शेतकरी असतील.

नंतर त्याला बागेत न्यावे. तो चार ओळी आत जाईल, एका घडाला खालून हात लावील आणि अगदी शेपटाचा मणी तोडून तोंडात टाकील. शेपटाकडे साखर सगळ्यांत शेवटी उतरते, हे त्याला तुमच्याइतकेच माहीत असते. मग तो डोळे बारीक करून म्हणेल, ‘नाना, अभी दो दिन कम है.’ खिशातून साखर मोजायचे नळकांडे काढून त्यावर एक थेंब पिळील, उजेडाकडे धरील आणि आकडा तुम्हाला न दाखवता मान हलवील. म्हणजे पाच मिनिटांत त्याने तुमच्या मण्याची गोडी, आकार, रंग, देठ, सगळे तपासून घेतले.

आता तुमची पाळी. तुम्ही त्याला तपासावे. रिवाजाप्रमाणे एकच प्रश्न विचारायचा असतो: ‘कुठले तुम्ही?’ तो एका दूरच्या शहराचे नाव सांगतो. तुम्ही ‘अस्सं’ म्हणता आणि चहा सांगता. त्याचे पूर्ण नाव, पेढी, पॅन, जीएसटी, गेल्या वर्षी कुणाची बाग तोडली, यांतले काहीही विचारणे म्हणजे पाहुण्याचा अपमान. ज्याने तुमच्या एका मण्यावरही विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर तुम्ही अख्खी बाग सोपवता. विश्वासाच्या शास्त्रात याला मोठेपणा म्हणतात.

पायरी दुसरी: ओळखीचा माणूस वापरणे

इथे साहित्य क्रमांक तीन बाहेर काढावे. त्याला दलाल म्हणू नये. तो ‘आपला माणूस’ असतो. किलोमागे त्याला काही मिळते, पण तो ते बोलून दाखवत नाही. तो म्हणतो, ‘भाऊ, माझ्या शब्दावर द्या. मी आहे ना!’

पुढे पैसे बुडाले की गावात चर्चा होते ती परप्रांतीय व्यापाऱ्याची. बातमीतही तेच येते. ज्याने त्याला बांधावर आणून उभा केला, तो त्याच चर्चेत आपल्या शेजारी बसून हळहळत असतो. तेव्हा नवशिक्याने एवढे लक्षात ठेवावे: परका माणूस आपल्याला फसवायला येतो तो बहुधा आपल्यातल्याच कुणाचे तरी बोट धरून. ‘मी आहे ना’ म्हणणाऱ्याला एवढेच म्हणावे, ‘मग सौद्याच्या कागदावर जामीन म्हणून तुझीही सही दे.’ त्याच क्षणी त्याला दुसऱ्या बागेत काम आठवले, तर आपले काम झाले.

पायरी तिसरी: भाव

दोन व्यापारी आले, एकाने चाळीस म्हटले, दुसऱ्याने बेचाळीस, तर कोणता घ्यावा? नवशिका म्हणतो, बेचाळीस. गणित बरोबर आहे. पण ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला दोन रुपये जास्त म्हणायला काय जाते? त्याने पंचेचाळीस म्हटले तरी त्याला परवडते. या एका गोष्टीने प्रामाणिक व्यापाऱ्याचे सगळ्यात जास्त नुकसान होते. तो वाहतूक, पॅकिंग, वाटेतली नासाडी, पुढच्या मंडीतली आडत असा हिशेब करून चाळीस म्हणतो आणि मागे पडतो. दर वर्षी पिंपळगाव-ओझर पट्ट्यात येणारे, शेवटच्या किलोपर्यंत पैसे चुकते करणारे व्यापारी आहेत. ते गोड बोलत नाहीत, फार घासाघीस करतात, म्हणून ते आपल्याला आवडत नाहीत.

पायरी चौथी: पैसे घेण्याची पारंपरिक पद्धत

पहिल्या गाडीचे पैसे रोख, तिथल्या तिथे. तुम्ही घरी सांगता, ‘माणूस चोख आहे.’ दुसऱ्या गाडीचे दुसऱ्या दिवशी. तिसरीचे निम्मे, ‘बाकी परसों.’ तोवर भाव जरा उतरलेला असतो, माल मऊ पडायला लागलेला असतो, आणि मजूर, कात्र्या, क्रेट सगळे बागेत येऊन बसलेले असतात. चौथी, पाचवी आणि सहावी गाडी एक-दोन दिवसांतच भरली जाते. तेव्हा डायरीचे कोरे पान फाडून त्यावर क्रेट, किलो, भाव लिहून खाली एक सही मिळते. तीन अक्षरांची, मराठीही नाही आणि हिंदीही नाही. त्यानंतरचा टप्पा मोबाइल कंपनीची बाई पार पाडते: ‘आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक सध्या बंद आहे.’

पहिल्या गाडीचे रोख पैसे म्हणजे व्यापाऱ्याने तुमच्या विश्वासाचा भरलेला इसार. पारख करायची ती शेवटच्या गाडीवर. म्हणून नियम साधा: मागची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढच्या गाडीत क्रेट चढवायचा नाही. पाळायला अवघड आहे, कारण वर ढग असतात. म्हणून तो सौद्याच्या दिवशीच लिहून घ्यायचा असतो, काढणीच्या दिवशी नाही.

बाजार समितीच्या आवारात असे सहसा होत नाही, कारण तिथला व्यापारी परवानाधारक असतो आणि मालाचे पैसे त्याच दिवशी देण्याचा नियम असतो. द्राक्षाचा मोठा व्यवहार मात्र बांधावर होतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून बाहेर काढला. शेतकरी कुठेही विकायला मोकळा झाला. आवाराबाहेर घेणाराही मोकळा झाला. स्वातंत्र्य दोघांना सारखेच मिळाले, पण गाडी एकाच्याच ताब्यात होती.

पायरी पाचवी: विश्वास परत मिळवणे

ही पायरी वाचायची वेळ येऊ नये. आली तर तारखा पाठ असाव्यात. व्यापाऱ्याने चेक दिला असेल तर त्याचे आयुष्य तीन महिन्यांचे असते. ‘आज नका टाकू, सोमवारी टाका’ असे बारा सोमवार ऐकलेत की चेक कागद होतो. चेक वटला नाही तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवसांची मुदत. त्या मुदतीतही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ ते हेच. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला न्यायालय सांगू शकते. चेकच नसेल, नुसते डायरीचे पान असेल, तर ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवावी. फसवणुकीचे कलम ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ आले, पण गुन्हा दाखल करून घ्यायला अजूनही जुनाच चिवटपणा लागतो.

वरिष्ठांनी मनावर घेतले तर काय होते हेही नाशिकने पाहिले आहे. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या बुडीत पैशांचे अर्ज मागवून वसुलीची मोहीम काढली. वर्षानुवर्षे न सापडलेले व्यापारी सापडू लागले, काहींना पैसे देण्याची इच्छाही झाली. म्हणजे पत्ता मिळत नव्हता असे नाही. फक्त, एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर शेती करता येत नाही; अधिकाऱ्याची बदली होते.

मधला धडा: आपल्यावर कोण विश्वास ठेवतो?

नवशिक्याने आता खुर्ची फिरवून बसावे. आपण विकतो, तेव्हा समोरचाही विचार करत असतोच: या शेतकऱ्याच्या मालावर विश्वास ठेवावा का?

२००३ मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश जास्त सापडले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडवरून त्याहून मोठा गहजब झाला. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात तेच हे. शेंड्याची वाढ रोखायला सर्रास वापरले जाई. कंटेनर अडकले, माल मातीमोल झाला, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही बुडाले. तेव्हा तिकडच्या ग्राहकाने ‘कुठले तुम्ही’ विचारून चहा सांगितला नाही.

पहिल्या झटक्यानंतर शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ग्रेपनेट नावाची व्यवस्था उभी केली होती. दुसऱ्या झटक्यानंतर तपासणी आणखी कडक झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग. आज नेदरलँड्समधल्या दुकानातून तुमच्या शिवारातला प्लॉट शोधता येतो. तुम्हाला मात्र बांधावर चहा पिऊन गेलेल्या माणसाचे आडनाव सांगता येत नाही.

यात कुणाचा अपमान झाला? कुणाचाच नाही. नोंदी ठेवायला लागलो म्हणून निर्यात वाढली आणि भावही बरा मिळाला. ओझरपासून जवळच, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी याच रस्त्याने मोठी झाली: सभासद नोंदलेला, बाग नोंदलेली, माल तपासलेला.

ओझरमध्ये विश्वास कुठे पिकतो

गावाबाहेर कुठे जायची गरज नाही. दोन ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत.

पहिले एचएएलच्या विमान कारखान्याचे. १९६४ मध्ये मिग-२१ साठी हा कारखाना आला, पुढे सुखोई-३० आली. विमानाच्या कामाचा जगभरचा दंडक एकच आहे: काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि दोघांचीही सही. काम संपल्यावर हत्यारे मोजून परत ठेवायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. तीस वर्षे नोकरी केलेल्या कारागिरालाही तपासनीस ‘जाऊ द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे’ असे म्हणत नाही, आणि कारागीर रुसत नाही. तोच कारागीर संध्याकाळी मोटरसायकलवरून आपल्या बागेत येतो आणि डायरीच्या पानावर पाच गाड्या माल देतो.

दुसरे ठिकाण पाण्याचे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आहे आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. पाणी वरच्या वर जिरायचे, ओझरला यायची ती फक्त पाळीची बातमी. वरचा खालच्यावर, खालचा पाटकऱ्यावर, आणि सगळे मिळून पाटबंधारे खात्यावर अविश्वास ठेवून होते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांना एकत्र करून ओझरला तीन पाणी वापर संस्था काढल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा.

या संस्थांनी ‘एकमेकांवर विश्वास ठेवा’ असे व्याख्यान दिले असते तर त्या पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडल्या असत्या. त्यांनी पाणी मोजले. खात्याकडून घनमापाने, मोजून घ्यायचे. शेतकऱ्याला तासाच्या हिशेबाने, मोजून द्यायचे. जमाखर्च सभासदांपुढे ठेवायचा. शेजाऱ्याला किती तास मिळाले हे वहीत बघता येऊ लागले तेव्हा रात्री बॅटरी घेऊन चारीवर पहारा करायची गरज उरली नाही. विश्वास नंतर आला, मोजमाप आधी आले. पुढे वरच्या गावांतही संस्था निघाल्या आणि वाघाड प्रकल्पाचे पाणी व्यवस्थापनच शेतकऱ्यांकडे आले. २००५ साली राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला तेव्हा ओझरचे उदाहरण समोर होते. महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही लोक ते बघायला आले. आपण मात्र पाण्याचा धडा पाण्यापुरताच ठेवला. द्राक्षापर्यंत त्याची चारी काढलीच नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्र. व्यापारी देवभक्त आहे. वणीला पायी जाऊन आला म्हणतो.
उ. चांगली गोष्ट आहे. जीएसटी क्रमांक घ्या.

प्र. शेजारच्या आप्पांचा त्याच्याबद्दलचा अनुभव उत्तम आहे.
उ. कितव्या गाडीपर्यंतचा?

प्र. कागदपत्रे मागितली तर तो उठून दुसऱ्या बागेत जाईल.
उ. तुम्ही एकट्यानेच मागितलीत तर नक्की जाईल. शिवारातल्या सगळ्यांनी मागितली तर कुठे जाईल? माल त्यालाही हवाच आहे.

प्र. मग काय, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही?
उ. तसे जगता येत नाही, शेती तर अजिबात नाही. छाटणीवाल्या टोळीवर ठेवावा, रोपवाटिकेवर ठेवावा, औषधवाल्यावर पावती घेऊन ठेवावा. ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा आपल्या दारात यायचे आहे आणि ज्याचा हिशेब चारचौघांना बघता येतो, त्याच्यावर बेलाशक ठेवावा. यांतली एकच अट पुरी होत असेल तर अर्धे पैसे आधी घ्यावेत. एकही होत नसेल तर चहा द्यावा, माल देऊ नये.

प्र. हे सगळे फेब्रुवारीत कुणाला सुचणार?
उ. कुणालाच नाही. प्रश्न बरोबर आहे.

शेवटची सूचना

म्हणून ही पुस्तिका फेब्रुवारीत उघडू नये. गोडी छाटणीच्या आधी, कात्रीला धार लावायच्या दिवसांत, शिवारातल्या दहा-वीस बागायतदारांनी एकत्र बसावे आणि चार गोष्टी कागदावर उतरवाव्यात: गेल्या तीन हंगामांत कोणत्या व्यापाऱ्याने शेवटच्या गाडीपर्यंत पैसे दिले त्याची यादी, सौद्याचा एकच छापील नमुना, त्यात व्यापाऱ्याचा पॅन, पत्ता आणि मध्यस्थाची जामीन म्हणून सही, मागची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढची भरायची नाही हा नियम, आणि ज्याचे पैसे थकतील त्याच्या नोटिशीचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा हा ठराव. पाणी मोजायला ओझरच्या शेतकऱ्याने सरकारची वाट पाहिली नव्हती. पैसे मोजायलाही पाहू नये.